आक्काच्या उखळातला माझा हात

आक्का,

परवा तुझं तेरावं झालं. लोधिवलीहून माहेरची माणसं आली होती, ती जेवून, गाड्या जुंपून गेली. जाण्याआधी ओसरीवर बसून सगळ्यांनी तुझ्याविषयी बोलून घेतलं. किती राबली, किती सोसलं, कोणाला कधी उणा शब्द बोलली नाही. मी आतल्या दारात उभी राहून ऐकत होते. त्यातलं शेवटचं तेवढं खोटं होतं. मला तू रोज उणे शब्द बोलायचीस आणि मीही तुला सोडत नसे. सख्ख्या बहिणी एकाच घरात सख्ख्या जावा होऊन आल्या तर दुसरं काय होणार?

पण आपलं एक भांडण असं होतं की ते कोणाला भांडण वाटलंच नाही, म्हणून परवा त्याचं नावही निघालं नाही. दर दिवाळीच्या तोंडावर नव्या भाताचे पोहे कांडायचा दिवस आला की मी म्हणायचे, "आक्का, मुसळ तू घे. मी हात घालते." आणि तू म्हणायचीस, "नाय." वर्षातून एकदा एवढंच बोलणं, आणि त्यात दर वर्षी तू जिंकलीस. मला एकदा तरी जिंकायचं होतं गं. तुझ्या मुसळाखाली माझा हात तू पुन्हा एकदा येऊ द्यायला हवा होतास. ते राहिलं ते राहिलंच.

आता कर्जतहून गिरणीचे पोहे यायला लागलेत, तेव्हा पुढच्या पोरींना हे समजावून सांगावं लागेल. आपल्या घरी पोहे दोघींनी करायचे असत. भिजवलेलं भात खापरात भाजायचं, फुटायला लागलं की गरमगरम उखळात ओतायचं आणि निवायच्या आत कांडायचं. एकीने उभं राहून मुसळ घालायचं. दुसरीने समोर उकिडवं बसायचं आणि दोन घावांच्या मध्ये हात आत घालून भात खालवर करायचं. दुसऱ्या घरांत त्यासाठी काठी घेत. काठीने दाणा तुटतो, चुरा फार होतो, म्हणून आपल्या सासूबाई काठीला शिवू देत नसत. मुसळ वर गेलं की हात आत, खाली यायच्या आत हात बाहेर. खाली बसलेली मुसळाकडे बघत नाही, बघितलं की हात अडखळतो. ती सगळी वरच्या बाईच्या भरवशावर बसलेली असते.

त्यातून मी डावखुरी. सासूबाईंना ते पहिल्याच वर्षी खुपलं. देवाला दाखवायचे पोहे आणि त्यात हिचा डावा हात? तेव्हा तू मुसळ उभं धरून म्हणालीस, "आत्याबाय, हिचा उजवा हात घातलात तर पोहे सांजपातूर व्हायचे नायत, आनि बोटं बी ऱ्हायची नायत. मला हिचा डावाच ठावा हाय. ल्हानपनापास्नं त्याच्यावरच मुसळ घालतेय." सासूबाई जे गप्प झाल्या ते त्यांनी पुन्हा माझ्या हाताचं नाव काढलं नाही. नव्या घरात माझी बाजू घेणारं कोणी आहे, हे मला त्या दिवशी कळलं. हे तुला मी कधी सांगितलं नाही, कारण तू लगेच "फार शानी झालीस" म्हणाली असतीस.

आणि मग ते श्रावणातलं पडणं. घाटातून विजेच्या कामाचे मोठे नळ उतरवत होते त्या साली. खोपोलीकडून सुरुंगाचे आवाज यायचे आणि गोठ्यातली गुरं दचकायची. तू माळ्यावरून पेंढा काढत होतीस. ओल्या जमिनीवर शिडी सरकली. आवाज ऐकून मी धावले तर तू उठून बसलेली, कपाळावर हा एवढा टेंगूळ, आणि माझ्याकडे बघून हसतेस. म्हणालीस, "येसू, दोन हायत गं तुमी. एक सांबाळता सांबाळता माजा जीव जातो, आता दोगी?"

मला वाटलं, नेहमीसारखी थट्टा करतेस. मग तू पाण्याच्या तांब्याकडे हात नेलास आणि हात तांब्याच्या शेजारी रिकाम्या जागी मिटला. तेव्हा मी तांब्या उचलून तुझ्या हातात दिला.

तुझा डावा डोळा नाकाकडे वळला होता आणि बाहेरच्या अंगाला काही केल्या फिरत नव्हता. चुली दोन, गायी दोन, सासूबाईही दोन. तू मान डावीकडे वळवून तिरकी बघायला लागलीस, म्हणजे दोनाचं एक व्हायचं. पण समोरच्याला वाटायचं, ही तोंड फिरवून बोलतेय. सासूबाई चिडायच्या, "माज्याशी बोलताना रुसल्यासारकं काय करतेस?" आणि मला समोर बसवून तू विचारायचीस, "ह्यातली खरी कनची?" मी म्हणायचे, "बोलते ती खरी." मग मी मुद्दाम गप्प बसायचे, आणि तू हवेत चापटी मारून हसायचीस. भीती दोघींनाही वाटत होती. हसलं नसतं तर दिवस निघाले नसते.

दुखऱ्या जागेला फडकं बांधायचं ही आपली रीत. आपण तुझा डावा डोळा बांधला. एक डोळा मिटला की दोनाचं एक दिसायचं, तुला बरं वाटायचं. पण फडकं सोडलं की पुन्हा तेच. शेवटी दाजींनी तुला गाडीत घालून खोपोलीला नेलं. तुझा नवरा, पण मला ते दाजीच, दीर म्हणायला माझी जीभ कधी वळलीच नाही. बरोबर मी होते. कामावरच्या मजुरांसाठी तिथे एक डॉक्टर ठेवलेला होता. त्याने बोट डावीकडे-उजवीकडे फिरवून तुझे डोळे पाहिले आणि फडकं सोडून उजव्या डोळ्यावर बांधलं. चांगल्या डोळ्यावर!

दाजी म्हणाले, "डाक्तरसायब, चुकलं तुमचं. दुकतो तो ह्यो हाय."

डॉक्टर हसला. म्हणाला, "डोळा फुटलेला नाही, नजर गेलेली नाही. डोळा वळवण्याचा मेंदूचा हुकूम ज्या बारीक तंतूतून जातो, तो मार लागून दुखावलाय. हुकूम पोचतो, पण अर्धामुर्धा. तुम्ही हा डोळा झाकून ठेवलात तर त्याला जास्त जोर लावायला हवा हे मेंदूला कळणार कसं? चांगला झाका. दुखऱ्याला काम करू द्या, चुकू द्या. तो चुकेल तेव्हाच मेंदू शिकेल." किती शिकेल, असं मी विचारलं तर म्हणाला, ते आत्ता नाही सांगता येत, पण मला दाखवल्याशिवाय काही बदलू नका.

घरी सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "येक गेला तो गेला, आता दुसरा बी बांदायचा? ह्यो कसला वैद?" पण तू ऐकलंस डॉक्टरचं. मला वाटतं, चुकू द्या, हे तुला आवडलं होतं. चुकायची परवानगी आपल्याला आजवर कोणी दिली होती?

आणि काय चुकायचीस आक्का! भाकरी तव्याच्या डावीकडे पडायची. दारातून जाताना डावा खांदा चौकटीवर आपटायचा. तांब्या हवा असला की हात डावीकडे. सासूबाई देवाला नवस बोलत होत्या, आणि तू उखळात कोंडा घालून मुसळ घेऊन उभी राहिलीस. रिकामं उखळ कांडू नये म्हणतात म्हणून कोंडा. पहिला घाव उखळाच्या डाव्या काठावर, दुसराही. तू शिव्या घालत होतीस, स्वतःला, डोळ्याला, शिडीला, मध्येच मलाही. मी ओसरीवर बसून धान्य निवडत होते, आणि रोज ऐकत होते. काठावर आपटलेल्या मुसळाचा आवाज वेगळा असतो. तो कमी होत गेला. नवरात्र बसलं तेव्हा अधूनमधून यायचा, आणि दसऱ्याला मला एकदाही ऐकू आला नाही. मी निवडायचं सोडून तुझ्याकडे बघितलं. चांगला डोळा बांधलेला, वाकडा डोळा उघडा, आणि घाव सगळे बरोबर मध्ये. तू दमून मुसळाला टेकलीस आणि म्हणालीस, "शिकला गं मुडदा."

इतकी सुंदर तू मला कधी दिसली नव्हतीस. नवरीच्या शालूतही नाही.

आता त्या दिवसावर येते. लिहू नये असं वाटतं. पण मधलं गाळून पुढचं सांगता येत नाही.

धनत्रयोदशीची दुपार. भात भाजून तयार, खापरातून फुटल्याचे आवाज येत होते. मी उखळापाशी बसले. दसऱ्यापासून कण्याकोंड्यावर आपण सराव केला होता, मी काठीने ढवळायचे आणि एकदाही तुझं मुसळ काठीला लागलं नव्हतं. म्हणून आज हात, असं ठरलं होतं. तू मुसळ भिंतीला टेकवलंस आणि डोळ्यावरचं फडकं सोडलंस. मी विचारलं, "काय गं?" म्हणालीस, "आज तुजा हात हाय. आज चांगल्या डोळ्यानं बगते." आणि फडकं वाकड्या डोळ्यावर बांधलंस.

मला किती बरं वाटलं होतं, आक्का. बाजूला उभ्या असलेल्या सासूबाईंनाही बरं वाटलं. त्या म्हणाल्या, "हां, आता कसं शान्यावानी केलंस." चांगला डोळा तो चांगला. त्यात विचार करण्यासारखं काय होतं? भात ओतलं. निवण्याच्या आत कांडायचं म्हणून घाई. पहिला घाव जरा तुझ्या उजवीकडे पडला, माझ्या डाव्या हाताच्या बाजूला. मला वाटलं, हात बसतोय तुझा. मी डावा हात घातला, भात वर केलं आणि बाहेर काढत होते. दुसरा घाव माझ्या बोटांवर पडला.

मुसळाच्या टोकाला लोखंडी कडं असतं. मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं. मी ओरडले की नाही, आठवत नाही. तुझं ओरडणं आठवतं. तू मुसळ टाकलंस आणि माझा हात तुझ्या पोटाशी दाबून धरलास, रक्ताने तुझं लुगडं भिजलं, आणि एकच म्हणत होतीस, "मी बगत हुते गं. मी बगत हुते."

हात घेऊन दाजींनी गाडी हाकली ती पुन्हा त्याच डॉक्टरकडे. एक बोट सुधारलं, मधलं वाकडं राहिलं. तो पट्टी बांधत असताना तू दारात उभी होतीस. आत यायला तयार नव्हतीस. तिथूनच विचारलंस, "वाकड्या डोळ्यानं मारलं असतं तर समजले असते. चांगल्या डोळ्यानं कसं मारलं?"

डॉक्टरने मान हलवली. म्हणाला, "एवढ्यासाठीच म्हणालो होतो, मला दाखवल्याशिवाय काही बदलू नका. मेंदूनं दुबळ्या डोळ्यासाठी सगळा अंदाज बदलून घेतला होता, बाई. फडकं बदललंत, पण अंदाज तोच राहिला. म्हणून नेम उलट्या बाजूला गेला. दोन-चार दिवस गेले असते तर पुन्हा जागेवर आला असता. हे असं नक्की कसं घडतं, ते आम्हालाही पुरतं ठाऊक नाही."

मला काहीच कळलं नाही. दाजींना मात्र लगेच कळलं. जन्म बैलगाडीवर गेलेला. म्हणाले, "लंगड्या बैलाची गाडी एका अंगाला वढते. म्हनून मी कासरा दुसऱ्या अंगाला ताणून धरतो. हाताला सवय लागती. मग लंगडा सोडून चांगला बैल जुपला, आनि हात तसाच ताणलेला ऱ्हायला, तर गाडी पल्याडच्या खड्ड्यात. आसंच ना, सायब?" डॉक्टर म्हणाला, अगदी असंच.

तू ऐकत होतीस. म्हणालीस, "म्हंजे बैल चांगलाच हुता. चुकला तो गाडीवान." आणि वळून गाडीत जाऊन बसलीस.

आपलं भांडण तिथून सुरू झालं. मी म्हणायचे, डोळा चुकला नाही, तू चुकली नाहीस, ते तंतू, तो मेंदू, त्या फडक्याचा घोळ. तू म्हणायचीस, "मेंदू काय शेजारनीचा हाय? माजाच ना?" मी म्हणायचे, अगं, तो शिकला होता म्हणून चुकला, शिकला नसता तर चुकलाच नसता. तू म्हणायचीस, "मग मोप शिकू दे. तुज्या हातावर नको."

एका गोष्टीबद्दल मात्र तुझे पाय धरायला हवे होते. माझा हात गळ्यात बांधलेला, काम काही करता येईना. तू माझी सगळी कामं ओढून घेतलीस, वर मास्तरांना, म्हणजे माझ्या मालकांना म्हणालीस, "ही नुसती बसून माजं डोकं खाते. हिला पाटी द्या." मास्तर शाळेतल्या पोरांना शिकवत, पण बायकोला शिकवावं हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. डावा हात मोडलेला, म्हणून पेन्सिल उजव्यात. माझे पहिले ग, म, भ असे होते की ते कोंबडीनेही आपले म्हटले नसते. तू येता-जाता वाकून बघायचीस आणि म्हणायचीस, "बग. तुजा बी चांगला हात बांदला नि दुसऱ्याला कामाला लावला. शिकंल. चुकू दे त्याला." आज हे लिहितेय ते त्याच उजव्या हाताने. तुझ्या मुसळाचा घाव बसला नसता तर मला अक्षर आलं नसतं. हे वाक्य मी मनात कितीदा जुळवलं. तोंडावर आणलं नाही, कारण घावाचं नाव काढलं की तुझा चेहरा उतरायचा. मग आभार मानायचे तरी कसे?

होळीपर्यंत तुझा डोळा सुधारला. दोनाचं एक झालं. अगदी डावीकडे कोपऱ्यात बघितलंस तरच जरा फाटायचं, असं तूच सांगायचीस. मान तेवढी जन्मभर किंचित डावीकडे वळलेली राहिली, सवयीने. लांबून येताना मी तुला त्या मानेवरून ओळखायचे.

पुढच्या दिवाळीला मला वाटलं, आता काय अडचण आहे? मी उखळापाशी बसले. तू मुसळ माझ्या हातात दिलंस आणि स्वतः खाली बसलीस. आणि पदर खोचून तुझा हात उखळात घातलास. मला म्हणालीस, "घाल."

मी म्हटलं, मला येत नाही. खरंच येत नव्हतं, मुसळ नेहमी तुझं. तू म्हणालीस, "यील. माज्या हाताला काय झालं तर होऊ दे."

त्या दिवसापासून दर दिवाळीला मी मुसळ घातलं आणि खाली तुझा हात. मी इतकी घाबरून घालायचे की भात निवायचं, पोहे जाड व्हायचे. दाजी ताटात घेऊन विचारायचे, "हे पोहे हायत का भाकरीचं तुकडं?" तू हसायचीस. मी नाही हसायचे. हात दुखायचे माझे, मान अवघडायची, आणि पोहे झाले की मागच्या दारी जाऊन मी रडायचे. तुझ्या हाताची मला किती भीती वाटायची, हे तुला कळत होतं का गं? कळत असणारच. तुला तीच भीती होती. एकमेकींची भीती दोघींनी अशी वाटून घेतली, आणि तिच्याविषयी बोललो मात्र नाही. मला नेहमी म्हणायचं होतं, माझं बोट वाकडं झालं त्याचं काही नाही, तुझ्यासमोर उकिडवं बसून मान खाली घालायचं सुख गेलं, त्याचं वाईट वाटतं. ते सुख तुला परत द्यायचं नव्हतं, आणि मला दुसऱ्या कोणाकडून नको होतं.

एकदा मी चोरून प्रयत्न केला. सासूबाई तेव्हा थकल्या होत्या, अंथरुणावरूनच बघत होत्या. तू साधं भात सडत होतीस, एकटी, तंद्रीत. मी येऊन समोर बसले आणि मुसळ वर जाताच हात घातला. तू मुसळ वरच्या वर धरलंस. ते तसंच धरून उभी राहिलीस. मग बाजूला ठेवलंस आणि परसात निघून गेलीस. त्या दिवशी जेवली नाहीस. सासूबाई म्हणाल्या, "येसू, काठी घे बाय. कशापायी तिला छळतेस?" सासूबाईंनी काठी घे म्हणावं! मी त्यानंतर वर्षातून एकदाच विचारत गेले, आणि तू एकदाच नाही म्हणत गेलीस.

मग हा भादवा. हिवताप आपल्याकडे घरोघरी येतो आणि जातो, तुझा जाईना. तापाने तू इतकी खंगलीस की जुना डोळा पुन्हा नाकाकडे वळला. मी उशाशी बसले होते. तू मान डावीकडे वळवायला बघत होतीस, तेवढीही ताकद नव्हती. माझ्याकडे बघून म्हणालीस, "येसू, दोन बसल्यात गं. ह्यातली खरी कनची?"

माझ्याच्याने बोलवेना. पदर तोंडात कोंबून बसले होते मी.

थोड्या वेळाने तू म्हणालीस, "औंदा हात घाल तुजा. मी घेते मुसळ."

मला वाटलं, तापात बोलतेस. दोन-दोन दिसणारं माणूस मुसळाच्या गोष्टी करतंय, दुसरं काय समजणार? आजाऱ्याला सगळे म्हणतात तेच मी म्हटलं, "आधी बरी हो." तू डोळे मिटलेस. त्यानंतर जे काय बोललीस ते पाणी दे आणि पांघरूण घाल, एवढंच. हो किंवा नाही, ह्यातलं काहीच मी तुला दिलं नाही. इतकी वर्षं ज्या एका शब्दासाठी तुझ्याशी भांडले, तो तू दिलास, आणि मी तो घेतला नाही.

काल तुझी सून पारू उखळ आत घेत होती. दुखवट्याचं घर, यंदा आपल्याकडे पोहे व्हायचे नाहीत. मी सहज म्हटलं, आक्का तापात काहीबाही बोलत होती, हात घाल म्हणत होती. पारू उखळ तसंच ठेवून उभी राहिली. म्हणाली, "धाकल्या आत्या, तापातलं नाय ते." मग तिने सांगितलं. तुम्ही शेतावर गेलात की दुपारी थोरल्या आत्या मुसळ काढायच्या. मला समोर बसवायच्या. माझ्या हातात पडवळ द्यायच्या आणि म्हणायच्या, येसू घालते तसा घाल, डाव्या हातानं. उन्हाळाभर. पहिल्यांदा पडवळाचे तुकडे झाले, त्याची भाजी केली. तुम्ही म्हणालात पण, रोज काय गं पडवळ? मग पडवळ शाबूत राहायला लागलं. एकदाही लागेना झालं तेव्हा म्हणाल्या, "येसूला सांगू नकोस. दिवाळीत मीच बोलवीन तिला."

मी पारूसमोर रडले नाही. तिने खूप पडवळ खाल्लं असेल बिचारीने. तिला मी पोटाशी धरलं आणि उखळ आत नेऊ नकोस म्हटलं.

आक्का, उन्हाळाभर तू शिकत होतीस. डोळा तर कधीचाच शिकला होता. तुला शिकायचं होतं ते वेगळंच होतं, आणि त्यासाठी तुला सगळा जन्म लागला, आणि ते शिकून झालं तेव्हा मी म्हटलं, आधी बरी हो.

आज दुपारी घरात कोणी नव्हतं. मी उखळात मूठभर कोंडा घातला, रिकामं नको म्हणून. समोर उकिडवी बसले, गुडघे आता साथ देत नाहीत. मान खाली घातली आणि डावा हात आत घातला, वाकड्या बोटासकट. तू विचारलं होतंस ना, दोघींतली खरी कनची? मी गप्प बसले, म्हणून तुला कळलं नसेल. बोलते ती खरी, आक्का. मी बोलतेय. हात घातलाय मी. घाल.